चाकांवरचं घर आणि विम्याचा कागद

(चांदवड येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)



चांदवडला गाडीच्या विम्यावर बोलायचं तर उदाहरणं लांबून आणावी लागत नाहीत. मुंबई-आग्रा महामार्गावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. रेणुकामातेच्या दर्शनाला थांबलेल्या मोटारी, बाजार समितीकडे कांदा घेऊन निघालेले पिकअप आणि राहुड घाट उतरून येणारे कंटेनर, हे सगळं एकाच रस्त्यावर दिसतं. राहुड घाटात काय काय होतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

यात आता आणखी एका गाडीची भर पडतेय. आत पलंग, छोटा ओटा, फ्रिज आणि वर सोलर पॅनेल असलेली गाडी. कोणी तिला मोटारहोम म्हणतं, कोणी कॅराव्हॅन, कोणी कॅम्पर व्हॅन. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७मध्ये आहे. त्यामुळे 'आपण एक ट्रॅव्हलर घेऊन आतून घर करून घेऊ, यात्राही होईल आणि भाड्यानेही देता येईल' असा विचार करणारी तरुण मुलं आम्हाला भेटतात.

पण खरं बघितलं तर चाकांवरचं घर आपल्याकडे नवीन नाही. आषाढीला पंढरपूरला निघालेल्या दिंडीबरोबरचा ट्रक आठवा. वरती ताडपत्री, आत अंथरुणं, भांडी, शेगडी, धान्याची पोती. पायाला फोड आलेला वारकरी किंवा स्वयंपाक करणाऱ्या बाया पुढच्या मुक्कामापर्यंत त्यातच बसून जातात. ते आपलं जुनं मोटारहोमच आहे. आणि विम्याचे जे प्रश्न नव्या कोऱ्या कॅराव्हॅनला पडतात, तेच या ट्रकला आणि तुमच्या दारातल्या पिकअपलाही पडतात.

म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ. आपण म्हणतो 'गाडीचा विमा काढला'. तसं नसतं. विमा असतो तो कागदावर जशी गाडी लिहिली आहे तिचा, आणि जसा वापर लिहिला आहे त्याचा. कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत फरक पडला, की अपघाताच्या दिवशी तो फरक आपल्या खिशातून भरावा लागतो.

एका कागदावर दोन करार

आपल्याकडे लोक 'फुल इन्शुरन्स' आणि 'थर्ड पार्टी' असे दोनच शब्द वापरतात. आधी तेच सोडवू.

थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. पहिला आपण, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा तो, ज्याला आपल्या गाडीमुळे इजा झाली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडलात तर ४,००० रुपये दंड आहे, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड ही छोटी गोष्ट आहे. तिसऱ्या माणसाचा मृत्यू झाला किंवा त्याला कायमचं अपंगत्व आलं, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील तिला वरची मर्यादा नाही. कमावता माणूस गेला तर ती रक्कम पंचवीस लाख होऊ शकते, पन्नास लाखही होऊ शकते. विमा असेल तर ती कंपनी भरते. नसेल तर मालकाची जमीन, घर, बँकेतले पैसे यांवर वसुली येते.

समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान मात्र मर्यादित आहे, ७ लाख ५० हजारांपर्यंत. थोडा हप्ता वाचवायला ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणण्याचीही सोय असते. आपल्या पॉलिसीत कोणती रक्कम लिहिली आहे, ते घरी जाऊन आजच बघा.

दुसरा करार आपल्या स्वतःच्या गाडीचा. त्याला 'ओन डॅमेज' म्हणतात. अपघात, आग, चोरी, पूर, वीज, दरड, दंगल यांतलं आपल्या गाडीचं नुकसान यातून मिळतं. हा करार ऐच्छिक आहे. दोन्ही एकत्र घेतले की 'पॅकेज पॉलिसी', म्हणजे आपला 'फुल इन्शुरन्स'. आता हा 'फुल' शब्दच घात करतो. फुल म्हटलं की आपल्याला वाटतं सगळं आलं. सगळं आलेलं नसतं. ते कसं, ते पुढे बघू.

कागदावर गाडी कोण आहे?

आरसी बुकावर गाडीचा वर्ग लिहिलेला असतो. मुख्य भेद एकच: ट्रान्सपोर्ट की नॉन-ट्रान्सपोर्ट. केंद्र सरकारने वाहनांचे जे प्रकार अधिसूचित केलेत, त्यात कॅम्पर व्हॅन दोन्हीकडे आहे. घरच्या वापरासाठी असेल तर नॉन-ट्रान्सपोर्ट, आणि धंद्यासाठी असेल तर ट्रान्सपोर्ट. गाडी तीच, पलंगही तेच, पण वापर बदलला की वर्ग बदलला. त्याबरोबर परमिट, पासिंग आणि विमा, सगळंच बदलतं.

हप्त्यातला फरक बघा. १ जून २०२२पासूनच्या दरपत्रकात १,५०० सीसीच्या वरच्या खासगी मोटारीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा १६,०४९ रुपये आहे. म्हणजे दुप्पट. इथेच मोह होतो. गाडी खासगी पासिंगची ठेवायची आणि शनिवार-रविवार भाड्याने द्यायची. कोणाला कळतंय?

रस्त्यावर कदाचित कळणार नाही. पण खासगी मोटारीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा छोटा परिच्छेद असतो. भाड्याने देणे, मालवाहतूक, शर्यती, मोटारविक्रीच्या धंद्यासाठी वापर, हे सगळं त्यात वगळलेलं असतं. अपघातानंतर सर्व्हेअर आत बसलेल्या माणसांचे जबाब घेतो. 'तुमचं नातं काय?' 'काही नाही, आम्ही चार हजार रुपये रोज देऊन गाडी घेतली.' एवढ्या एका वाक्यावर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो.

आता दुसरी चूक. ट्रॅव्हलर घ्यायची, गॅरेजवाल्याकडून सीट काढून पलंग बसवायचे, आणि आरसीवर मात्र अजून तेरा आसनी प्रवासी गाडीच. कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. पलंग, गॅस, वीज, बाहेर पडायचा मार्ग अशा गोष्टी त्यात तपासल्या जातात. तेव्हा क्रम असा ठेवायचा: आधी मान्यता असलेल्या कारागिराकडे काम, मग आरटीओत नोंद, मग त्या नोंदीप्रमाणे विमा. उलट क्रमाने गेलात तर तुमच्या हातात अशा गाडीची पॉलिसी असेल, जी प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही.

आत कोण बसलंय?

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. इथे पैसे नाही, माणसं आहेत.

बऱ्याच जणांची समजूत अशी, की थर्ड पार्टी विमा आहे म्हणजे गाडीत बसलेल्यांचंही भागेल. खासगी मोटारीत नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर आत फुकट बसलेल्या पाहुण्यांची, नातेवाइकांची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असे निकाल आहेत. पॅकेज पॉलिसी असेल तर ती येते. विमा नियामकाने २००९ साली परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं आणि न्यायालयांनीही ते मानलं. म्हणजे जुनी गाडी झाली, आता कशाला फुल इन्शुरन्स, असं म्हणून आपण जेव्हा थर्ड पार्टीवर येतो, तेव्हा नुसता पत्र्याचा विमा सोडत नाही. मागच्या सीटवर बसलेल्या आईचा आणि बहिणीचाही सोडतो. हे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतोय.

मालवाहू गाडीचं गणित आणखी कडक आहे. कायद्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण आहे. १९९४च्या दुरुस्तीने ते आलं. म्हणजे कांदा घेऊन निघालेला शेतकरी केबिनमध्ये आपल्या मालाबरोबर बसला असेल तर तो कव्हर आहे. गाडीवर कामाला असलेला ड्रायव्हर, मालाबरोबरचा हमाल, यांचीही सोय आहे. पण कांदे काढायला किंवा द्राक्षबागेत कामाला निघालेल्या पंधरा बाया मागच्या हौद्यात उभ्या असतील तर? त्या गाडीच्या कर्मचारी नाहीत आणि मालाच्या मालकही नाहीत. मालगाडीत अशा बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आशा राणी खटल्यातला निकाल आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर कायद्याच्या कलमातच मालवाहू गाडीतले फुकट प्रवासी वगळलेत. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२२पासून लागू झाली.

दिंडीचा ट्रक, लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो, देवाला निघालेला पिकअप, सगळ्यांना हेच लागू. काही खटल्यांत न्यायालय कंपनीला म्हणतं, आधी तुम्ही भरा आणि मग मालकाकडून वसूल करा. त्यामुळे जखमींना दिलासा मिळतो. पण गाडीमालक सुटत नाही. वसुली येते ती त्याच्याच सातबाऱ्यावर.

आम्ही हे घाबरवायला सांगत नाही. गावात माणूसकी म्हणून कोणालाही गाडीत घेतलं जातं. पण दिंडी आधीपासून ठरलेली असते. लग्नाची तारीख ठरलेली असते. त्या एका दिवसासाठी प्रवासी परमिटची गाडी ठरवता येते, आणि ट्रक फक्त सामानाला ठेवता येतो.

मालक स्वतः गाडी चालवत असेल, तर त्याच्यासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर सक्तीचं आहे. त्याचा वेगळा हप्ता लागतो आणि ते मालकाच्या मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. लायसन्सची मुदत संपली असेल तर ते मिळत नाही. गाडी पत्नीच्या नावावर आणि चालवतो नवरा, अशी घरं खूप आहेत. तिथे हे कव्हर पत्नीचं आहे, नवऱ्याचं नाही. ड्रायव्हर पगारी असेल, तर त्याच्यासाठीचं जोडकलम वेगळं घ्यायचं, त्याला फार पैसे लागत नाहीत.

आत काय बसवलंय?

आता वस्तूंकडे येऊ. इथला मुख्य शब्द आहे आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने मान्य केलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त हीच रक्कम मिळते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी निकामी धरतात.

आयडीव्ही काढायची रीत ठरलेली आहे. कंपनीच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घट होते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर आपण आणि कंपनी मिळून ठरवायचं.

समजा, १८ लाखांची गाडी घेतली. तिच्यात ६ लाखांचं काम केलं: पलंग, ओटा, फ्रिज, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, सोलर. अडीच वर्षांनी गाडी घाटात कोसळली, काही उरलं नाही. गाडीची आयडीव्ही १८ लाखांतून ३० टक्के वजा, म्हणजे १२ लाख ६० हजार. आणि आतल्या सहा लाखांचं काय? पॉलिसीत नोंदच नसेल तर शून्य. नोंद असेल, तर त्याच टक्केवारीने ४ लाख २० हजार. एवढा फरक एका ओळीचा आहे.

ती ओळ कोणती? गाडीच्या कंपनीने न बसवलेलं विजेचं किंवा इलेक्ट्रॉनिक सामान असेल, तर त्याची किंमत पॉलिसीत वेगळी जाहीर करावी लागते आणि त्यावर जादा हप्ता भरावा लागतो. जुन्या टॅरिफमध्ये तो किमतीच्या ४ टक्के होता. आता कंपन्या आपापला दर लावतात. विजेवर न चालणारं सामान, म्हणजे पलंग, कपाटं, छपरावरचं कॅरिअर, हेही वेगळ्या रकान्यात लिहायचं. सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवरही हवी आणि पॉलिसीतही.

इथे पक्क्या बसवलेल्या आणि सुट्या वस्तूंत फरक करा. ओट्याला स्क्रूने बसवलेली शेगडी हे गाडीचं सामान. पण कपडे, मोबाईल, लॅपटॉप, दागिने, कॅमेरा, भांडी, हे मोटार विम्यात येत नाही. काच फोडून बॅग नेली, तर काच मिळेल, बॅग मिळणार नाही. परदेशात मोटारहोमच्या विम्यात आतल्या सामानाचं कव्हर जोडून मिळतं. आपल्याकडे काही कंपन्या वैयक्तिक सामानाचं छोटं पूरक कव्हर देतात, त्याची मर्यादा विचारून घ्यायची. मोठ्या यात्रेला निघताना प्रवास विमा वेगळा घेणं बरं.

आणि स्वयंपाकाचा गॅस. घरचा सिलिंडर गाडीत ठेवून त्यावर चहा करायची आपल्याला सवय आहे. जळालेल्या गाडीत सर्व्हेअर पहिल्यांदा आगीचं कारण शोधतो. पॉलिसीत साधी प्रवासी गाडी लिहिलेली आणि आत सिलिंडर सापडला, तर वाद ठरलेला. विम्याचं सोडा, जिवाची गोष्ट आहे. पलंगावर माणसं झोपलीत आणि पायाशी शेगडी पेटलीय, असं होऊ देऊ नका.

बिल पन्नास हजारांचं, मिळाले एकोणचाळीस

'फुल इन्शुरन्स असून पैसे कापले' ही तक्रार घरोघरी असते. बहुतेक वेळा ती फसवणूक नसते, घसारा असतो. दुरुस्तीत जुना भाग जाऊन नवा येतो, म्हणून भागाच्या किमतीतून कपात होते. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के.

उदाहरण घेऊ. अडीच वर्षांची, १,५०० सीसीच्या वरची घरची मोटार. बंपर १२,००० चा, दरवाजा २०,००० चा, काच ८,००० ची, मजुरी १०,०००. बेरीज पन्नास हजार. रंग आणि जीएसटी हिशोबासाठी बाजूला ठेवू. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून ६,००० कापले. दरवाजा धातूचा, १५ टक्क्यांनी ३,००० कापले. काच आणि मजुरी पूर्ण. राहिले ४१,०००. त्यातून सक्तीचा स्वहिस्सा, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, २,००० रुपये. हातात आले ३९,०००.

ही कपात टाळायची असेल तर 'झिरो डेप' नावाचं पूरक कव्हर आहे. ते साधारण नव्या गाड्यांनाच मिळतं आणि बऱ्याच कंपन्या त्यात वर्षाला किती क्लेम चालतील, ते ठरवून देतात. पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत ते येत नाही. त्यासाठी इंजिन कव्हर वेगळं. धंद्याच्या गाडीला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटची बाजू आणि रंग, हे ट्रक-पिकअपच्या साध्या पॉलिसीत किरकोळ अपघाताला मिळत नाहीत. त्यासाठी 'आयएमटी २३' हे जोडकलम लागतं. एजंटला हाच आकडा विचारायचा: '२३ घातलंय का?'

क्लेम न केल्याचं बक्षीस म्हणजे एनसीबी. ओन डॅमेजच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सूट. ही सूट गाडीची नाही, मालकाची असते. गाडी विकली तर ती नव्या गाडीला नेता येते. पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की ती जाते. दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी हा हिशोब कागदावर मांडून बघा.

अपघात झाला तर

आधी माणसं. १०८ला किंवा ११२ला फोन. मग गाडीचे, रस्त्याचे, समोरच्या गाडीच्या नंबराचे फोटो. पोलिसांत नोंद. त्याच दिवशी विमा कंपनीला फोन करायचा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. सर्व्हेअर येण्याआधी गॅरेजवाल्याला गाडी खोलू द्यायची नाही. सर्व्हेअरला जे झालं तेच सांगायचं. चालवत होता पुतण्या आणि नाव सांगितलं काकाचं, असं केलं तर मिळणारा क्लेमही जातो.

अपघातात इजा झालेल्यांनी भरपाईचा दावा सहा महिन्यांत करावा, असं आता कायद्यात आहे. ती मुदत धरूनच चाला. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो. अपघात मध्य प्रदेशात झाला म्हणून तिकडेच जावं लागत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*जुना पिकअप विकत घेतलाय. विमा आधीच्या मालकाच्या नावावर आहे. चालतं का?*

थर्ड पार्टीपुरता तो नव्या मालकाकडे आला असं कायदा धरतो. ओन डॅमेजचं तसं नाही. खरेदीपासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाची एनसीबी तुम्हाला मिळत नाही, त्या फरकाची रक्कम भरावी लागेल. आरसी आणि पॉलिसी, दोन्हींवर एकच नाव हवं.

*मुलाकडे फक्त एलएमव्ही लायसन्स आहे. त्याने पिकअप किंवा ट्रॅव्हलर चालवली तर क्लेम नाकारतील का?*

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिलाय. ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. आरसीवर एकूण वजन बघा. घरासारखं सामान बसवल्यावर गाडीचं प्रत्यक्ष वजन वाढतं, हेही ध्यानात ठेवा. आणि लायसन्सची मुदत तपासा.

*कॅराव्हॅन भाड्याने घेतली तर आम्ही काय बघायचं?*

पैसे देण्याआधी तीन कागद मागा. आरसीवर ट्रान्सपोर्ट वर्ग आहे का, परमिट चालू आहे का, आणि पॉलिसीत भाड्याचा वापर मान्य केलाय का. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मालक टाळाटाळ करत असेल, तर दुसरी गाडी बघा.

*आम्ही पशुपतिनाथाला आपल्या गाडीने जाणार आहोत.*

पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांसाठी हद्द वाढवून घेता येते. निघण्याआधी कंपनीकडून तसं जोडकलम लेखी घ्या. सीमेवर गेल्यावर आठवून उपयोग नाही.

*क्लेम नाकारला तर कुठे जायचं?*

आधी कंपनीकडून कारण लेखी घ्या. मग तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज. नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल आहे आणि १५५२५५ हा फोन आहे. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या जिल्ह्याला पुण्याचं कार्यालय आहे. वर्षाच्या आत अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहेच. चोरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: पोलिसांत लगेच एफआयआर केला असेल आणि कंपनीला कळवायला उशीर झाला असेल, तर तेवढ्या उशिरावरून खरा क्लेम नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२०चा निकाल आहे.

*एवढं सगळं एजंटला कसं विचारायचं? तो म्हणतो, सगळं आहे त्यात.*

मग त्याला म्हणा, 'आहे ना, मग कुठे लिहिलंय ते दाखव.' घरी गेल्यावर आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवा. नाव, गाडीचा वर्ग, आसनसंख्या, वापर, आयडीव्ही, जोडसामान आणि जोडकलमं, या सात ओळी बोट ठेवून जुळवा. जी जुळत नाही ती दुरुस्त करून घ्यायला कंपनीकडे साधा अर्ज लागतो. आणि पुढच्या वेळी पिकअप माणसं घेऊन निघण्याआधी तोच कागद पुन्हा एकदा काढून बघा.